पंधरात कोण, अकरात कोण आणि कितव्या नंबरवर?

 

आम्ही बोरी अरबहून बोलतो आहोत, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. एरवी या कार्यक्रमात आम्ही बचतीचा हप्ता, बँकेची कागदपत्रं, पापडाचं पॅकिंग, कर्जाची परतफेड असले विषय घेऊन येतो. आज मात्र क्रिकेटवर बोलायचं ठरवलं आहे. संघात कोणाला घ्यायचं, कोणाला बसवायचं आणि कोणी कितव्या नंबरवर बॅटिंगला जायचं, यावर गेल्या दिवाळीत आमच्या गटात जो वाद पेटला, तो अजून पुरता विझलेला नाही. शिवाय त्या वादातून आमच्याच गटातलं एक जुनं दुखणं वर आलं. ते शेवटी सांगतो.

सुरुवात अशी झाली. 2025 च्या महिला विश्वचषकाचे एकदिवसीय सामने चालू होते. 19 ऑक्टोबरचा रविवार. दिवाळी तोंडावर आलेली आणि फराळाच्या ऑर्डरी हातात. आमच्यापैकी सात-आठ जणी एकीच्या ओसरीवर चकल्या पाडत बसलो होतो. बेसनाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता. इंदूरला भारत आणि इंग्लंडचा सामना होता. एकीच्या लक्षात आलं, "अवं, जेमिमा दिसून नाही रायली." दुसरी म्हणाली, "तिले बसवलं आज." तिसरी कढईजवळ होती. तिने झारा तसाच वर धरून विचारलं, "काहून?"

त्या 'काहून'वर वाद सुरू झाला आणि चकल्यांचा एक अख्खा घाणा करपला.

आवाज ऐकून घरातले एक भाऊजी दारात आले. म्हणाले, "तुमाले काय समजते त्यातलं? बाया कवापासून मॅचवर बोलाले लागल्या?" आमच्या काकूंनी हातातला सोऱ्या खाली न ठेवता उत्तर दिलं, "भाऊजी, गट चालवतो आम्ही. कोणाले पुढं करायचं अन् कोणाले मांगं ठेवायचं, हेच तर करतो दर बैठकीत."

बाया कधीपासून, या प्रश्नाला तारखेनिशी उत्तर आहे. 1973 साली महिलांची क्रिकेट संघटना आपल्या देशात उभी राहिली आणि महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. 1978 मध्ये भारताच्या मुली पहिल्यांदा विश्वचषक खेळल्या. 2006 मध्ये महिलांचं क्रिकेट बीसीसीआयच्या कारभारात आलं. 2005 ला आणि 2017 ला आपण अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरलो, 2017 ला तर लॉर्ड्सच्या मैदानावर फक्त 9 धावांनी. त्या 2017 च्या संघात आपल्या नागपूरची मोना मेश्राम होती. अमरावतीची भारती फुलमाळी 2019 मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. म्हणजे हा खेळ आपल्या विदर्भाच्या मुलींपर्यंत केव्हाच येऊन पोचला आहे. त्यावर बोलायला कोणाची परवानगी कशाला हवी?

आता वादाकडे वळू. वाद नीट घालायचा तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपण सरसकट 'संघ निवडला' म्हणतो, पण निवड तीन वेळा होते. पहिल्यांदा निवड समिती बसते. तिच्यात जुन्या खेळाडू असतात. त्या पंधरा जणींची यादी काढतात. दुसऱ्यांदा सामन्याच्या दिवशी कर्णधार आणि प्रशिक्षक त्या पंधरातून अकरा निवडतात. आणि तिसऱ्यांदा त्या अकरात कोणी कितव्या नंबरवर जायचं ते ठरतं. पंधरात कोण, अकरात कोण आणि कितव्या नंबरवर, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण तिन्ही एकत्र कालवतो आणि मग भांडण कशावर चाललंय तेच कळत नाही. आमचंही त्या रात्री तसंच झालं.

आधी अकराचं पाहू. जेमिमा रॉड्रिग्ज ही मुंबईची, वांद्र्याची मुलगी. त्या विश्वचषकात तिच्या पहिल्या चार डावांत धावा झाल्या होत्या 0, 32, 0 आणि 33. ती पाचव्या नंबरवर जात होती. दुसऱ्या बाजूला गोलंदाजी तोकडी पडत होती. 9 ऑक्टोबरला विशाखापट्टणमला आपण 251 धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेने त्या शेवटी-शेवटी फटके मारून काढल्या. 12 तारखेला त्याच मैदानावर आपण 330 केल्या. एवढ्या धावा पुरायला हव्या होत्या, पण ऑस्ट्रेलियाने त्याही पार केल्या. धावा होत होत्या, पण त्या अडवता येत नव्हत्या. म्हणून इंग्लंडविरुद्ध एक बॅटर कमी करून एक गोलंदाज वाढवायचं ठरलं. जेमिमा बाहेर गेली आणि रेणुका सिंग ठाकूर आत आली.

आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, बरोबर केलं. घरात पीठ आहे पण सरपण नाही, तर आणखी पीठ आणून काय करायचं? उरलेल्या निम्म्या म्हणाल्या, गोलंदाज घ्या, पण हिलाच का काढलं? मैदानावर धाव अडवणारी, झेल घेणारी, दुसरीला एकाच्या दोन धावा पळवून देणारी पोरगी ती. तिच्या वहीत फक्त केलेल्या धावा का मोजता?

इंग्लंडने 288 केल्या. आपण 6 बाद 284 वर थांबलो. चार धावांनी हरलो आणि तेही चार गडी हातात असताना. ओसरीवर एकच गलका झाला : "जेमिमा असती तर!"

इथे आमच्या काकूंनी आम्हाला अडवलं, आणि ते आम्हाला पटलं. त्या म्हणाल्या, "असती तर चार धावा झाल्या असत्या, हे खरं. पण रेणुका नसती तर इंग्लंडच्या वीस जास्त झाल्या असत्या, हेही खरं असू शकते. दोन्ही पाहता येत नाही." मैत्रिणींनो, निवडीवर वाद घालताना आपण ही चूक फार करतो. जी बाहेर बसली तिच्या नावावर न झालेल्या सगळ्या धावा मांडतो. निकाल लागल्यावर निवड चुकली म्हणणं सोपं आहे. निवड करताना हातात काय माहिती होती आणि तिच्यावरून घेतलेला निर्णय धरून होता का, हे पाहायला हवं. त्या कसोटीवर आमचं बहुमत शेवटी असं झालं : गोलंदाज वाढवणं बरोबर होतं, जेमिमाला काढणं चूक होतं. दोन जणींना हे मान्य नाही. त्यांचं मत इथे नोंदवून ठेवतो, नाहीतर घरी गेल्यावर आम्हाला जाब विचारतील.

आता नंबराचं पाहू. आम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते या भागाने.

23 ऑक्टोबरला भाऊबीज होती. कोणी माहेरी गेल्या होत्या, कोणाचे भाऊ आले होते. त्या दिवशी नवी मुंबईला न्यूझीलंडशी सामना होता. हरलो असतो तर पुढचं अवघड झालं असतं. स्मृती मानधना, आपल्या सांगलीची, आणि प्रतिका रावल या दोघींनी सलामीलाच 212 धावांची भागी केली. दोघींची शतकं झाली. आणि पहिली विकेट पडल्यावर आत आली जेमिमा. पाचव्या नाही, तिसऱ्या नंबरवर. 55 चेंडूंत 76 धावा करून ती नाबाद राहिली.

मुलगी तीच होती आणि बॅटही तीच. मग बदललं काय? तिची जागा बदलली.

ज्या मैत्रिणी क्रिकेट पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एकदिवसीय सामन्यात पन्नास षटकं असतात. पहिल्या दहा षटकांत मधल्या वर्तुळाच्या बाहेर दोघीच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. म्हणजे मैदान मोकळं असतं, पण चेंडू नवा असतो, तो वळतो, उसळतो. सलामीच्या दोघी त्या नव्या चेंडूला तोंड देतात. तिसऱ्या नंबरची मुलगी कधी दुसऱ्याच चेंडूवर आत येते, कधी तिसाव्या षटकात. तिला दोन्हीची तयारी लागते. पडझड झाली तर सावरायचं आणि पाया घातलेला असेल तर त्यावर भिंत चढवायची. पाचव्या-सहाव्या नंबरला बहुतेक वेळा षटकं कमी उरलेली असतात. तिथे आल्याआल्या फटका मारणारी लागते. रिचा घोष ते काम करते. जेमिमाचा खेळ वेगळा आहे. ती मोकळ्या जागा शोधते, एक-दोन धावा पळून काढते, हळूहळू डाव बांधते. तिला पाचव्या नंबरवर पाठवणं म्हणजे निवांत पुरण वाटणारीला बस सुटायच्या वेळी पोळ्या लाटायला बसवणं. ती लाटेल, पण तिचं खरं काम दिसणार नाही.

आपल्या मराठी घरांत या गोष्टीचा सगळ्यात मोठा दाखला सचिन तेंडुलकरचा आहे. आज सगळ्यांना वाटतं की सचिन पहिल्यापासून सलामीला जायचा. तसं नाही. पहिले 69 एकदिवसीय सामने तो मधल्या फळीत खेळला आणि त्यांत त्याचं एकही शतक नव्हतं. 27 मार्च 1994 ला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सामना होता. नेहमीचा सलामीवीर नवज्योतसिंग सिद्धू मान आखडल्यामुळे खेळू शकत नव्हता. सचिनने कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे स्वतःहून गळ घातली की मला एकदा सलामीला जाऊ द्या. गेला आणि 49 चेंडूंत 82 धावा करून आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलंबोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचं पहिलं एकदिवसीय शतक झालं, ते 79 व्या सामन्यात. पुढे एकूण 49 झाली. सिद्धूची मान त्या दिवशी आखडली नसती, किंवा सचिनने मागायची लाज धरली असती, तर काय झालं असतं? काकूंचा नियम आहे, 'असतं तर' म्हणायचं नाही. पण दोन गोष्टी म्हणता येतात. चांगल्या माणसालासुद्धा योग्य जागा लागते. आणि आपली जागा कोणती हे कधीकधी आपल्यालाच कळत असतं, तेव्हा तोंड उघडून मागावं.

वाडेकरांनी ती संधी दिली, हेही विसरू नये. "तू मधल्या फळीतला, तिथंच बरा आहेस," असं म्हणून ते त्याला परत पाठवू शकले असते. आपल्या घरांत, गटांत, कामाच्या ठिकाणी असंच तर होतं. एकदा जी चहा करायला लागली ती जन्मभर चहाच करते.

30 ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्याची रात्र तुम्हाला आठवत असेलच. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान. दिवसभर सोयाबीन आणि कापसात राबून आलेल्या आम्ही, पाठी टेकायच्या सोडून परत त्याच ओसरीवर. ऑस्ट्रेलियाने 338 धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर एवढ्या धावांचा पाठलाग कोणीच केलेला नव्हता. 59 धावांत आपल्या दोघी बाद झाल्या. जेमिमा पुन्हा तिसऱ्या नंबरवर आली होती. तिने कर्णधार हरमनप्रीत कौरबरोबर 167 धावांची भागी केली. हरमनप्रीत 89 वर बाद झाली. जेमिमा मात्र शेवटपर्यंत उभी राहिली, 127 नाबाद. नऊ चेंडू राखून आपण पाच गड्यांनी जिंकलो. शतक झाल्यावर तिने आनंदाने बॅटसुद्धा वर केली नाही, कारण काम उरलं होतं. सामन्यानंतर ती रडत-रडत बोलली. या स्पर्धेत मनाची घालमेल किती होती, कितीदा रडले, हे तिने लपवलं नाही. आमच्या ओसरीवरही पदर डोळ्यांना लागले होते.

तिने एक गोष्ट अशी सांगितली की आमच्यात परत वाद पेटला. तिला तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं होतं! आमच्यातली एक लगेच म्हणाली, "पहा, सांगितलं नाही तरी चालतेच ना." दुसरी म्हणाली, "नाही चालत." यावर आमचं जे ठरलं ते असं : काम ऐनवेळी सांगितलं तर चालतं, कारण ज्याला काम मिळतं त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो. पण काम काढून घेताना ऐनवेळी, आडून, न सांगता काढलं तर ते चालत नाही. एकीत माणूस धावपळ करतो, दुसरीत माणूस मोडतो.

याचंही उदाहरण आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये वेस्ट इंडीजला टी-ट्वेंटीचा विश्वचषक होता. मिताली राजने आधीच्या सलग दोन डावांत अर्धशतकं केली होती. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिला बसवलं आणि भारत आठ गड्यांनी हरला. हार तर झालीच, पण त्यानंतर पत्रं बाहेर आली, आरोप-प्रत्यारोप झाले, महिनाभर वर्तमानपत्रं भरून निघाली. मितालीला बसवण्यामागे काही विचार असेलही. पण वादाचा धूर निघाला तो निर्णयापेक्षा त्यामागच्या न बोलण्यातून.

आता राहिला पंधराचा प्रश्न. या विश्वचषकासाठी ऑगस्टमध्ये यादी निघाली तेव्हा हरियाणाच्या शफाली वर्माचं नाव पंधरात नव्हतं, राखीवमध्येही नव्हतं. वर्षभर ती एकदिवसीय संघाच्या बाहेर होती. तिच्या जागी प्रतिका रावल सलामीला होती आणि प्रतिकाने ती जागा कमावली होती. स्पर्धेत तिच्या 308 धावा झाल्या होत्या. 26 ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय दुखावला आणि ती स्पर्धेबाहेर गेली. चार दिवसांवर उपांत्य सामना. शफालीला बोलावणं आलं. उपांत्य सामन्यात ती 10 धावांवर बाद झाली. आमच्यातल्या एकीने लगेच निकाल दिला, "पाहा, म्हनूनच नव्हतं घेतलं."

2 नोव्हेंबरला अंतिम सामना झाला. पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. शफालीने 87 धावा केल्या. हरमनप्रीतने तिच्या हाती चेंडू दिला, तर दोन महत्त्वाच्या विकेटही काढल्या. सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. दीप्ती शर्माने अर्धशतक केलं आणि पाच गडी बाद केले. दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय मिळाला आणि विश्वचषक पहिल्यांदा आपल्या मुलींच्या हातात आला. त्या गर्दीत प्रतिका व्हीलचेअरवर बसून, तिरंगा घेऊन मैदानात आली. सगळ्या तिच्याभोवती जमल्या होत्या. ज्या मुलीने अर्ध्या वाटेपर्यंत ओझं वाहिलं ती शेवटच्या फोटोतून सुटली नाही, हे आम्हाला चषकाएवढंच मोठं वाटलं.

आणि या संघाचे प्रशिक्षक कोण, तर अमोल मुझुमदार. हे नाव घरातल्या पुरुषमंडळींना विचारा. 1988 मध्ये शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढच्या नंबरवर पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा म्हणजे अमोल. त्याची पाळी आलीच नाही. पुढे मुंबईकडून रणजीच्या पहिल्याच सामन्यात 260 धावा केल्या, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा जमवल्या, पण भारताच्या संघात एकदाही निवड झाली नाही. पॅड बांधून वाट पाहणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार! जेमिमाला बसवण्यात त्याचाही वाटा होता आणि चारच दिवसांनी तिला परत घेऊन वरच्या नंबरवर पाठवण्यातही. चूक झाली असं वाटल्यावर चार दिवसांत दुरुस्त करणं, हे आम्हाला त्याच्याकडून शिकावंसं वाटतं. कारण आम्हाला त्याला दीड वर्ष लागलं.

आता ते दुखणं सांगतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक प्रदर्शन भरतं. तिथे आमच्या गटाचा स्टॉल असतो : पापड, कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, मसाला. स्टॉलवर दोघींचीच सोय असते. आमच्यातल्या एक वहिनी सलग दोन वर्षं गेल्या होत्या. त्यांच्या हातची मूगवडी लोक नाव घेऊन मागतात. तिसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं की दुसरीला पाठवू, कारण आता गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे देतं, क्यूआर कोड, पैसे आल्याची खात्री, संध्याकाळचा हिशोब, हे वहिनींना जमत नव्हतं. मागच्या वर्षी दोन ठिकाणी गोंधळ झाला होता. म्हणजे कारण होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण ते त्यांना सांगायचं कोणी? अध्यक्षांना वाटलं सचिव सांगतील. सचिवांना वाटलं समन्वयक सांगतील. समन्वयकांना, म्हणजे आम्हाला, वाटलं की कळेलच. आमच्यापैकी कोणीच सांगितलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे वहिनी पिशवी भरून, नवं लुगडं नेसून बस स्टँडवर उभ्या. तिथे दुसऱ्या दोघी तयार. वहिनी काही बोलल्या नाहीत. मूगवड्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि घरी परतल्या. त्यानंतर पाच बैठका त्या आल्या नाहीत. बचत मुलाच्या हाती पाठवत राहिल्या. आणि आम्ही काय केलं? हजेरीत 'गैरहजर' लिहिलं आणि नियमाप्रमाणे दंड लावला.

पुढे त्या बैठकीला यायला लागल्या, पण बोलत नव्हत्या. दीड वर्ष. चकल्यांच्या दिवशी झारा वर धरून 'काहून?' विचारणाऱ्या त्याच.

विश्वचषक जिंकल्यानंतरच्या बैठकीत सगळ्या जेमिमाचंच बोलत होत्या. वहिनी एकदम म्हणाल्या, "त्या पोरीले निदान माहीत तरी होतं का तिच्या जागी बॉलर घेतली. मले तर कोणी सांगितलंच नाही. मले वाटलं माझ्यावर पैशाचा संशय घेतला." कोणी हललं नाही. मग त्या म्हणाल्या, "मोबाईलचं येत नाही म्हनून काढलं असं सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, शिकवा."

आमच्या गटाची पंचसूत्री भिंतीवर लावलेली आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नोंदी चोख. पाचही आम्ही पाळतो. बँक आमच्यावर खूश आहे. पण माणसाला बाजूला ठेवताना त्याला तोंडावर कारण सांगायचं, हे त्या पाचांत कुठे लिहिलेलं नाही. म्हणून त्या दिवशी ठराव वहीत तीन ओळी लिहिल्या. कोणाचं नाव वगळलं तर कारण त्याच बैठकीत, तिच्यासमोर सांगायचं आणि लिहायचं. जी या वेळी राहिली तिचं नाव पुढच्या यादीत पहिलं राखीव. आणि प्रत्येकीला वर्षातून एकदा विचारायचं की तुला कोणतं काम करावंसं वाटतं. याशिवाय वहिनींचा दंड परत केला. त्यांनी तो मोजून घेतला.

पहिल्याच वेळी हे विचारलं तेव्हा जी बाई आठ वर्षं फक्त पापड लाटत होती, ती म्हणाली, मला बँकेत जायचंय. आता ती जाते. एकदा चुकीची स्लिप भरून आली, पण जाते. दुसरी एक वर्षानुवर्षं सचिवपद सांभाळत होती, तिने सांगितलं, मला हे नको, मला लिहायचा ताण येतो. आम्ही तिला मान म्हणून पद दिलं होतं आणि ती ते ओझं म्हणून वाहत होती. सचिन मधल्या फळीत बसला होता, तसंच. वरचा नंबर म्हणजे मोठा मान आणि खालचा म्हणजे कमीपणा, हे डोक्यातून काढायला हवं. अमनजोत कौर सातव्या नंबरवर येते, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजयाच्या धावा तिच्याच बॅटमधून निघाल्या.

आता सगळं गोड झालं असं सांगून तुमची फसवणूक करणार नाही. येत्या प्रदर्शनाला वहिनींनी जावं म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांना आग्रह केला. त्या फक्त म्हणाल्या, "पाहू." सुनेकडून मोबाईलवरचे पैसे तपासायला शिकतायत असं कानावर आलं आहे. पण अजून हो म्हटलेलं नाही. बस स्टँडवरची ती पहाट एका ठरावाने पुसली जात नाही, हे आम्हाला समजलं आहे. आम्ही यादीत त्यांचं नाव पहिलं लिहून ठेवलं आहे आणि वाट पाहतो आहोत. या वेळी पॅड बांधून आम्ही बसलो आहोत.

तेव्हा मैत्रिणींनो, क्रिकेट पाहा, बिनधास्त पाहा, आणि वादही घाला. स्मृतीबरोबर सलामीला प्रतिका की शफाली, हा वाद आमच्याकडे अजून रंगलेला आहे आणि काकू प्रतिकाच्या बाजूने हटायला तयार नाहीत. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. आणि तुमच्या गटात, घरात, बचतीच्या बैठकीत कोणाचं नाव यादीतून वगळलं असेल, तर आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन या. चहा घ्या आणि कारण सांगा. कारण सांगता येत नसेल, तर वगळणंच चुकलं असं समजा.